विहिरीवर भरलेले वाचनालय

एकदा एक वाचनालय जागचे उठले आणि विहिरीवर जाऊन बसले. सतरंजीसह, पाण्याच्या माठासह आणि खडूने लिहिलेल्या फळ्यासह गेले. ज्यांनी ते जाताना पाहिले ते हसले. परत येताना पाहिले तेव्हा कुणी हसले नाही.

गाव फार मोठे नव्हते, पण त्याचे वाचनालय सर्वांना खुले होते आणि तिथे कशाचेच शुल्क नव्हते. सकाळी वर्तमानपत्रे येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. दुपारी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आतली खोली उघडी असे. संध्याकाळी मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग भरे. रविवारी सकाळी एखादे सत्र असे. कधी डॉक्टर येऊन साखरेच्या आजाराविषयी बोलत, कधी वकील येऊन सातबारा समजावून देत. सत्रानंतर चहा मिळे.

लोक येत नसत असे नाही. माठाचे पाणी गार म्हणून येत, पंखा चालतो म्हणून येत, चहासाठी तर नक्कीच येत. पण मनातून बहुतेकांना वाटे, ही जागा शिकलेल्यांची. आपण इथले पाहुणे. पाहुण्याने पुढे येईल ते घ्यावे, मागू नये.

वाचनालय सांभाळणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दारात कुणी आले की "कोणते पुस्तक हवे?" असे ते कधी विचारत नसत. ते विचारत, "काय घोर लागलाय जिवाला?"

लोकांना याची गंमत वाटे.

"गुरुजी, एकदा नाडीपण बघा की," कुणी म्हणे.

"घोर एकच. चहात साखर कमी असते," दुसरा म्हणे.

गुरुजीही हसत, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच विचारत.

अक्षरवर्गात त्यांचा एक शिष्य होता. वयाने तरुण, अंगाने दणकट, स्वभावाने उतावळा. चौथीत त्याची शाळा सुटली होती. जोडाक्षर आले की त्याला घाम फुटे आणि तो पाटी बाजूला सारून म्हणे, "हे उद्या." त्याचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे काम एकच होते, जुन्या विहिरींतला गाळ काढणे. थोरला आत उतरे आणि धाकटा काठावर दोर धरी. धाकट्याला आईवडील आठवत नव्हते. त्याला भरवणारा, न्हाऊ घालणारा, मारणारा आणि मारून झाल्यावर पोटाशी घेणारा तोच एक दादा होता.

त्यांचे वडील विहिरीतच गेले होते. त्यांना वर काढायला काका उतरला, तोही वर आला नाही. दोघांना आसरांनी नेले, असे घरात सांगत. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांचा मान म्हणून उतरण्याआधी परडीत पेटती पणती ठेवायची आणि ती दोरीने विहिरीत सोडायची, असा त्यांच्यात रिवाज होता. पणती विझली तर वर ओढायची, पुन्हा पेटवायची, पुन्हा सोडायची. ती जळत राहिली की आसरांनी मान घेतला असे समजायचे. मग उतरायचे.

एका रविवारी सकाळी हा शिष्य धावत वाचनालयात आला आणि आत न येता पायरीवरच उभा राहिला.

"काय घोर लागलाय?" गुरुजींनी विचारले.

"काही नाही."

"काही नसलेला माणूस एवढ्या उन्हात अनवाणी पळत येत नाही."

शिष्याने पायांकडे पाहिले. चपला विहिरीवरच राहिल्या होत्या.

"शेठजींच्या मळ्यात ती जुनी विहीर आहे ना, फळ्या टाकून बंद केलेली? दादा आज तीत उतरतोय."

"तो तर नेहमीच उतरतो."

"आम्ही सकाळी फळ्या काढल्या, गुरुजी. एक पारवा आत गेला. बाहेर आला नाही."

"घरटे बघत असेल."

"दादापण हेच म्हणाला. म्हणाला, बायको सापडली असेल त्याला. सगळे हसले. पण मी बघत बसलो होतो. पंखाचा आवाजसुद्धा आला नाही." त्याने वळून मळ्याच्या दिशेला पाहिले. "मला काय होतंय तेच कळत नाही. दादाला म्हटलं आज नको, तर म्हणतो, भित्र्या, जा, तुझ्या शाळेत जाऊन बस. याचं एखादं पुस्तक असलं तर द्या. मी वाचीन. हळूहळू वाचीन, पण वाचीन."

"दादा कधी उतरणार?"

"वहिनी नारळ घेऊन यायची आहे. ती आली की परडी सोडायची, की उतरला."

गुरुजींनी कपाटांच्या रांगेकडे पाहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पुस्तक काढायला ते उठले नाहीत. ते उठले आणि आतल्या दालनात गेले.

तिथे रविवारचे सत्र नुकतेच सुरू झाले होते. शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या एक बाई 'स्वयंपाकघरातले विज्ञान' शिकवत होत्या. समोर बहुतेक बायकाच होत्या. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'ढोकळा का फुगतो?'

"बाई, क्षमा करा," गुरुजी म्हणाले. "आजचे सत्र इथे होणार नाही. शेठजींच्या मळ्यातल्या विहिरीवर होईल. सर्वांनी उठून सतरंजीचे एकेक टोक धरावे."

क्षणभर कुणालाच काही समजले नाही.

"अगंबाई, विहिरीत फुगवायचा की काय ढोकळा?"

"गुरुजी, ऊन केवढं आहे!"

"आणि चहा?" मागून एका म्हाताऱ्याने विचारले.

"चहा तिकडेच येईल."

मग कुणी हरकत घेतली नाही. कुणी फळा उचलला, कुणी माठ डोक्यावर घेतला. वर्तमानपत्रे वाचत बसलेले लोकही, काय चालले आहे ते बघू म्हणून, मागे निघाले.

शिष्याचा मात्र संताप झाला. तो गुरुजींच्या पुढे आडवा चालू लागला. "मी पुस्तक मागितलं आणि तुम्ही वरात काढताय? तिकडे माझा दादा उतरेल! तुम्हाला ढोकळा सुचतोय?"

गुरुजींनी फक्त चाल वाढवली. त्या वयात त्यांना धाप लागत होती. तरी त्यांनी वाढवली.

मळ्यात पोचले तेव्हा वहिनी आलेली होती. नारळ फुटला होता. थोरला भाऊ परडीला दोरी बांधत होता. ती मिरवणूक पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे," तो धाकट्याला म्हणाला, "तुला शाळेत पाठवला, तर शाळाच घेऊन आलास?"

शेठजी छत्री घेऊन उभे होते. त्यांना हसू आले नाही. "गुरुजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? लेकीचं लग्न आठवड्यावर आलंय. एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठून पाजू मी? आणि तुम्ही इथे वर्ग भरवताय?"

"चिंचेची सावली चांगली आहे, शेठजी. बसू द्या थोडा वेळ. आम्ही कुणाच्या कामाच्या आड येत नाही."

असे म्हणून त्यांनी सतरंजी अगदी विहिरीच्या कठड्याला लागून अंथरायला लावली. बायका बसल्या, म्हातारे बसले. बाईंनी फळा झाडाला टेकवून ठेवला. त्यांना काहीच उमगले नव्हते. पण शिकवणे हा त्यांचा धर्म होता, म्हणून जिथे थांबल्या होत्या तिथून त्या पुढे शिकवू लागल्या. त्यांची पाठ विहिरीकडे होती.

शिष्य सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला. एक डोळा दादाकडे, एक डोळा बाईंकडे. त्याला दोन्हींतले काही धड दिसत नव्हते.

बाईंनी काचेच्या उंच भांड्यात खायचा सोडा टाकला आणि वरून लिंबू पिळले. फसफसून फेस आला आणि बसला.

मागे दादाने परडी विहिरीत सोडली. ती खाली गेली आणि पणती विझली.

"वारा," दादा म्हणाला आणि दोरी ओढू लागला.

"हा फेस म्हणजे एक वायू," बाई सांगत होत्या. "तो दिसत नाही. पिठातून हाच वर यायला बघतो, म्हणून ढोकळा फुगतो. आता भांडं रिकामं दिसतंय, पण रिकामं नाही. हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो भांड्यातच बसून राहिलाय."

दादाने पणती पेटवली, परडी सोडली. पणती विझली.

"आसरा रुसल्यात आज," दोर धरायला आलेला गडी म्हणाला.

"मग उद्या उतरा की," वहिनी म्हणाली.

"उद्या काय त्यांचा रुसवा निघणार आहे? तुझा निघत नाही, त्यांचा कसला निघतो," दादा म्हणाला. गडी हसला. वहिनी हसली नाही.

बाईंनी सतरंजीवर एक मेणबत्ती लावली. ते भांडे उचलून तिच्यावर अलगद तिरके केले. त्यातून पाण्याचा थेंबही पडला नाही. काहीच पडले नाही. आणि मेणबत्ती विझली.

"अगंबाई!"

"तुम्ही फुंकर मारलीत, बाई."

"मारली नाही. तोंडावर पदर धरून पुन्हा दाखवते."

मागे पणती पुन्हा विझली होती. दादाने परडी बाजूला ठेवली. "मान दिला. आता घेवोत नाहीतर न घेवोत," तो म्हणाला. त्याने दोराचे एक टोक चिंचेच्या बुंध्याला बांधले आणि दुसरे उचलून कमरेला गुंडाळू लागला.

बाईंनी पदर तोंडावर धरून भांडे पुन्हा तिरके केले. मेणबत्ती पुन्हा विझली.

शिष्य ताडकन उभा राहिला.

"बाई! तो वायू विहिरीत असला तर?"

"कुठल्या विहिरीत?"

"या! ह्या विहिरीत! आमची पणती विझतेय सारखी!"

बाई वळल्या. त्यांनी परडी पाहिली, काळवंडलेली वात पाहिली, कमरेला दोर गुंडाळणारा माणूस पाहिला. हातातले भांडे त्यांनी खाली ठेवले, ते आडवे झाले. "अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "थांबा. उतरू नका. त्यात हवाच नसेल. दोन श्वासांत माणूस खाली पडेल."

"बाई," दादा शांतपणे म्हणाला, "तीन पिढ्या आम्ही विहिरी उपसतो. तुम्ही ढोकळा करा."

त्याने एक पाय कठड्यापलीकडे टाकला. दोराची गाठ अजून मारायची होती.

शिष्याने विचार केला नाही. विचार करणाऱ्यांतला तो नव्हताच. तो झाडाकडे धावला, बुंध्याची गाठ सोडली, दादाच्या हातातला दोर हिसकला आणि सगळे वेटोळे विहिरीत भिरकावून दिले.

दोर किती वेळ पडत होता कोण जाणे. पडल्याचा आवाज खालून हळूच आला.

दादाने पाय आत घेतला. वळला आणि धाकट्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोराने मारली, की शिष्य सतरंजीवर जाऊन पडला. बायका ओरडल्या. शेठजी छत्री हलवत काहीबाही बोलत होते. दुसरा दोर आणायला गडी गावाकडे पळाला.

शिष्य उठला नाही. पडल्या पडल्याच तो म्हणाला, "मार. अजून मार. पण दोर यायचाय तोवर एकदा पणती सोड. वारा कुठे येतो तेवढं बघ. नुसतं बघ, दादा."

दादाने त्याच्याकडे पाहिले. मग, कदाचित धाकट्याचे तोंड बंद करावे म्हणून, त्याने परडी उचलली, वात पेटवली आणि या वेळी फार हळू सोडली. सगळे कठड्याशी गोळा झाले. ज्योत खाली जात होती. एकेक दगड उजळत होता. एके ठिकाणी भिंतीतून पांढरा दगड पुढे आला होता. तिथे पोचताच ज्योत बुटकी झाली, निळसर झाली आणि नाहीशी झाली.

दादाने ती ओढून घेतली, पेटवली, सोडली. त्याच पांढऱ्या दगडापाशी ती गेली.

त्याने पुन्हा सोडली. झाडाचे पान हलत नव्हते. त्याच दगडापाशी.

"वारा त्याच दगडाला कसा येतो?" हे कुणी म्हटले ते कळले नाही. बहुधा वहिनी म्हणाली.

दादा कठड्याला टेकून खाली बसला. गडी दुसरा दोर घेऊन आला. त्याच्याकडे त्याने पाहिलेही नाही. मग तो बाईंना म्हणाला, "आबा गेले तेव्हा मी परडी सोडायला होतो. पणती विझली होती. मीच परत पेटवली. ती पण विझली, मग आबा म्हणाले, राहू दे, उशीर होतोय." त्याने परडी जवळ ओढली. "काका पण तसाच गेला. त्याला तर पणती लावायलाही वेळ नव्हता."

बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "दिवा विझला तर उतरायचं नाहीच. पण जळत राहिला म्हणजे भीती गेली, असंही समजू नका. काही विषारी वायू दिव्यालाही कळत नाहीत. अग्निशमन दलाकडे तपासायचं यंत्र असतं. ते लोक येऊन बघेपर्यंत कुणीही उतरू नका. आणि आत कुणी कोसळलाच, तर त्याच्यामागे जाऊ नका, कितीही जवळचा असला तरी. वरून ओढता येईल असा दोर आधीच अंगाला बांधलेला पाहिजे."

"आणि माझं लग्न?" शेठजी म्हणाले.

"तुमचं झालंय, शेठजी," एक म्हातारी म्हणाली. "लेकीचं आहे. टँकर मागवा."

तेव्हा काही जण हसले, पण आवाज न करता. कुणी फळ्या उचलून पुन्हा विहिरीवर टाकू लागले. चहा आला. ज्या म्हाताऱ्याने तो मागितला होता त्याने आपला कप थोरल्या भावाच्या हातात दिला. वहिनीने तो खालून धरला.

वाचनालय परत निघाले. गुरुजी आणि शिष्य सर्वांत मागे होते. सतरंजीची मागची दोन टोके त्यांच्या हातात होती.

"गुरुजी," शिष्याने विचारले, "तुम्हाला हे सगळं आधीच ठाऊक होतं?"

"नाही रे."

"बाईंना सांगून ठेवलं होतं?"

"कधी सांगणार? तू तर सोबतच होतास."

"मग नेलंत कशासाठी सगळ्यांना?"

गुरुजी थोडे थांबले. धाप बसू दिली.

"विहिरीविषयी मला काही कळत नाही. कपाटात शोधायला बसलो असतो तर पुस्तक सापडले असते, नाही असे नाही. पण ते तू संध्याकाळी वाचून संपवले असतेस. तेवढा वेळ आपल्याजवळ नव्हता. माझ्याजवळ होते ते एवढेच: तुझी भीती, आणि आज तिथे जमलेली माणसे. ती एकत्र बसवली. पुढचे मला ठाऊक नव्हते." मग ते म्हणाले, "बाई ढोकळ्याचे शिकवत होत्या. समोर बसलेल्यांनी ढोकळ्याचे ऐकले. तू एकटा जिवाच्या भीतीने ऐकत होतास, म्हणून तुला विहिरीचे ऐकू आले. लोक आपल्याकडे येतात, पंख्याखाली बसतात, चांगले चार शब्द ऐकून घरी जातात. आपली काळजी मात्र चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात. त्यांना वाटते, ती आत आणायची वस्तू नव्हे. अरे, हे सगळे फुकट ठेवले आहे ते तिच्यासाठीच."

पुढे लांबवर दादा आणि वहिनी चालत होते. दादा मध्येच वळून धाकटा येतो आहे का ते पाहत होता आणि पाहिले नाही असे दाखवत होता.

शिष्याचा गाल अजून जळत होता. त्याने त्यावर हात ठेवला. चारी बोटे उमटली होती. जिवंत माणसाच्या हाताची बोटे होती ती. तो गालावर हात तसाच ठेवून चालत राहिला, आणि त्याला वाटले, हे जळणे इतक्यात थांबू नये.

तुमच्या गावचे वाचनालय उद्या सकाळी उघडेल. आत जा, आणि जे तुम्हाला आतून खाते आहे ते तिथे कुणाला तरी मोठ्याने सांगा. या गोष्टीतला दादा घरी परतला. माझा स्वतःचा दादा ज्या दिवशी कामावरून परत आला नाही, त्या दिवशीही आमच्या गावचे वाचनालय उघडे होते.